कानांतील पाणसळ

भोपाळ हे शहर सपाटीवर वसलेले नाही. एका बाजूस बड्या तलावाचे विस्तीर्ण पाणी, दुसऱ्या बाजूस श्यामला आणि ईदगाह या टेकड्या, आणि त्यांच्यामधून चढत-उतरत, वळसे घेत जाणारे रस्ते, असे त्याचे स्वरूप आहे. १९५६ साली हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबे येथे आली आणि पुढे येथलीच झाली. त्या कुटुंबांची आज तिसरी-चौथी पिढी या चढउतारांवर वाढत आहे.

अशा एखाद्या उतारावरून धावत येणारे पाच वर्षांचे मूल क्षणभर पाहावे. रस्ता तिरपा आहे, पण मुलाचे शरीर तिरपे होत नाही. मान डावीकडे वळवून ते तलावातील नाव पाहते, तरी पाय चुकत नाहीत. धावता धावता ते दुकानाची पाटी वाचते आणि अक्षरे नाचत नाहीत. हे सर्व इतके सहज घडते की त्यात काही विशेष आहे, असे कोणाच्या मनातही येत नाही. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही पाच ज्ञानेंद्रिये शाळेत शिकविली जातात. परंतु ज्याच्या आधारावर हे मूल सरळ उभे असते, ते इंद्रिय या यादीत नाही. तोल सांभाळणारे हे इंद्रिय कानाच्या अगदी आतल्या भागात, कवटीच्या कठीण हाडात लपलेले असते. ते शाबूत असेपर्यंत त्याची आठवण होत नाही. ते बिघडले म्हणजे मात्र माणसाची चाल, वाचन, दिशांचे भान आणि मनाची स्वस्थता या सर्वांवर त्याचा परिणाम दिसू लागतो. लहान मुलाच्या बाबतीत तर सारी वाढच त्यात गुंतलेली असते.

घर बांधताना गवंडी दोन साधने जवळ बाळगतो. भिंत उभी सरळ आहे की नाही हे ओळंबा सांगतो, आणि थर सपाट आहे की नाही हे पाणसळ सांगते. निसर्गाने प्रत्येक कानात ही दोन्ही साधने ठेवली आहेत. ऐकण्याचे काम करणाऱ्या शंखाकृती भागाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकृती नलिका असतात. त्या परस्परांशी जवळजवळ काटकोनात बसविलेल्या असून त्यांत द्रव भरलेला असतो. डोके फिरले की नलिका डोक्याबरोबर फिरते, परंतु आतील द्रव किंचित मागे राहतो. या मागे राहण्याने तेथील मऊ पडदा वाकतो, पडद्यात रुतलेल्या सूक्ष्म केसांच्या पेशी चेतविल्या जातात आणि मेंदूकडे वर्दी जाते. नलिका तीन असल्याने डोके कोणत्याही दिशेने फिरो, त्याची नोंद झाल्यावाचून राहत नाही. या नलिकांच्या मुळाशी दोन लहान पिशव्या आहेत. त्यांतील चिकट थरावर खडूच्याच द्रव्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, अतिसूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. डोके कलले किंवा शरीर पुढे-मागे, वर-खाली हलले की हे जड स्फटिक सरकतात. खाली कोठे आणि वर कोठे, हे मेंदूला कळते ते या स्फटिकांच्या भारामुळे.

फुगडी घातल्यानंतर घर फिरल्यासारखे का वाटते, याचा उलगडाही येथेच होतो. मुली थांबतात, पण नलिकांतील द्रव लगेच थांबत नाही. शरीर स्थिर आहे असे पाय सांगतात आणि डोके अजून फिरत आहे असे कान सांगतो. या दोन साक्षींचा मेळ बसेपर्यंत जग गरगरत राहते.

हे ज्ञान माणसाला फार उशिरा झाले. फ्रान्समधील फ्लूरांस या शास्त्रज्ञाने १८२०च्या दशकात कबुतरांच्या कानांतील या नलिका छेदल्या, तेव्हा ती कबुतरे ऐकू शकत होती, पण सरळ चालू किंवा उडू शकत नव्हती. तरीही भोवळ हा मेंदूचाच विकार आहे, असे वैद्य पुढेही कितीतरी वर्षे मानीत राहिले. ती कानातूनही उद्भवू शकते, हे १८६१ साली पॅरिसच्या मेनिएर या डॉक्टरांनी दाखवून दिले. व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी यांनी कानात थंड अथवा कोमट पाणी सोडून डोळ्यांच्या हालचालींवरून या इंद्रियाची परीक्षा करण्याची रीत बसविली. १९१४ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, त्या वेळी ते रशियात युद्धकैदी होते. त्यांची ती परीक्षा आजही कानाच्या दवाखान्यांत केली जाते.

या इंद्रियाचे पहिले आणि अत्यंत जलद काम डोळ्यांशी निगडित आहे. डोके उजवीकडे वळले की डोळे तितकेच डावीकडे वळतात आणि नजर जागच्या जागी राहते. सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात ही क्रिया घडते. तिचे मोल काय, हे एका अमेरिकन डॉक्टरांच्या अनुभवावरून कळते. क्षयरोगासाठी घेतलेल्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाने त्यांच्या दोन्ही कानांतील तोल नाहीसा झाला. १९५२ साली त्यांनी आपली हकीकत एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर डोके जे सूक्ष्म हलते, तेवढ्यानेही त्यांना पुस्तकातील ओळी उड्या मारताना दिसत. वाचण्यासाठी त्यांना पलंगाच्या उशाकडील गजांमध्ये डोके अडकवून धरावे लागे. डोळे निरोगी, बुद्धी तल्लख, आणि तरी वाचन अशक्य, अशी ही अवस्था होती. प्रौढ डॉक्टरांना निदान आपल्याला काय झाले ते सांगता आले. ज्या मुलाचा तोल जन्मतःच नाही, त्याला अक्षरे स्थिर असतात हेच ठाऊक नसते. असे मूल वाचायला कंटाळते, ओळ चुकते, आणि वर्गात त्याच्या नावावर आळशीपणाचा शिक्का बसतो.

दुसरे काम भावनेशी संबंधित आहे आणि त्याचा अनुभव प्रत्येक आईला आहे. तोलाचे इंद्रिय सर्व इंद्रियांत लवकर तयार होणाऱ्यांपैकी एक आहे. आईच्या पोटात असतानाच, तिच्या चालण्या-वळण्याबरोबर, बाळाला हालचालीची पहिली ओळख होते. म्हणूनच रडणाऱ्या बाळाला घेऊन नुसते बसून राहिले तर ते पुष्कळदा शांत होत नाही, आणि तेच आई त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालू लागली की निवते. जपानमधील संशोधकांनी २०१३ साली हे मोजून पाहिले. सहा महिन्यांच्या आतील बालकांना घेऊन आई चालू लागताच त्यांचे रडणे कमी झाले, अंगाची चळवळ मंदावली आणि हृदयाचे ठोकेही उतरले.

पाळण्याचेही असेच आहे. मराठी घरातील पाळणा हे बारशापुरते साधन नाही. भिंतीच्या दोन खिळ्यांना बांधलेली आजीच्या जुन्या लुगड्याची झोळी असो, की कडीपाटाला टांगलेला लाकडी पाळणा असो, लयबद्ध हेलकावा हाच त्याचा प्राण आहे. जिनीव्हा येथील शास्त्रज्ञांनी हलत्या पलंगावर प्रौढांना निजवून पाहिले. पलंगाचा एक हेलकावा चार सेकंदांचा होता. २०११ आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत माणसे लवकर झोपली, त्यांची गाढ झोप वाढली आणि रात्रभर हेलकावे मिळालेल्यांना आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द सकाळी अधिक आठवले. याच सुमारास उंदरांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की ज्या उंदरांच्या कानांतील स्फटिक कार्य करीत नव्हते, त्यांच्या झोपेवर हेलकाव्यांचा काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे पाळण्याची जादू दोरीत नसून कानात आहे.

याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. मस्तिष्कस्तंभातील तोलाच्या केंद्रांचे धागे भीती आणि अस्वस्थता उत्पन्न करणाऱ्या केंद्रांपर्यंत पोचलेले असतात. उंचावर उभे राहिले असता पोटात जो गोळा उठतो, भोवळ आली असता छातीत जी धडधड होते, तिचे कारण या जवळिकीत आहे. पायांखालची जमीन ज्याला कधीच भरवशाची वाटली नाही, ते मूल जिन्याशी थबकते, झोक्यावर बसविले की किंचाळते, गर्दीत आईचा पदर सोडीत नाही. त्याला भित्रे म्हणून हिणविणे सोपे असते. परंतु काही मुलांच्या बाबतीत ही भित्रेपणाची खोड नसून तोलाच्या उणिवेचे लक्षण असू शकते.

तिसरे काम बुद्धीचे आहे. भोपाळच्या जुन्या शहरातील चौक बाजाराच्या गल्ल्यांत शिरलेला माणूस चार वळणे घेऊनही तलाव कोणत्या बाजूस आहे हे सांगू शकतो. हे कसे घडते? मेंदूत, हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, स्थळांची ओळख ठेवणाऱ्या पेशी आहेत. त्यांचा शोध जॉन ओकीफ यांनी १९७१ साली लावला आणि त्या कार्याबद्दल २०१४ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. डोके कोणत्या दिशेस वळले आहे हे सांगणाऱ्या पेशीही मेंदूत आहेत. होकायंत्राच्या सुईसारख्या या पेशी कानाकडून येणाऱ्या वर्दीवर विसंबून असतात. प्राण्यांच्या कानांतील तोल नष्ट केला की त्यांची दिशा हरपते आणि स्थळांच्या पेशीही गोंधळतात. म्यूनिकच्या थॉमस ब्रांट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली अशा दहा माणसांची तपासणी केली, ज्यांच्या दोन्ही बाजूंच्या तोलाच्या नसा शस्त्रक्रियेत गेल्या होत्या. त्यांचा हिप्पोकॅम्पस निरोगी माणसांपेक्षा सुमारे १७ टक्क्यांनी लहान आढळला. त्यांची सर्वसाधारण स्मरणशक्ती शाबूत होती, परंतु मार्ग व जागा आठवणे त्यांना कठीण जात होते. दहा माणसांवरून सर्व मानवजातीविषयी निर्णय देता येत नाही. तथापि बुद्धी ही डोक्यात बंद होऊन बसलेली वस्तू नसून शरीराच्या हालचालीवर ती पोसली जाते, या विचाराला त्यामुळे बळ मिळाले.

आता प्रश्न मुलाच्या वाढीचा. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील निरोगी बालकांची जी पाहणी २००६ साली प्रसिद्ध केली, तीत दिल्लीतील मुलेही होती. आधारावाचून बसणे ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान आणि आधारावाचून चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान साधते, असे त्या पाहणीत दिसले. म्हणजे मर्यादा पुष्कळ सैल आहे आणि शेजारचे मूल दोन महिने आधी चालले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. परंतु मान धरण्यास विलंब, बसण्यास विलंब आणि दीड वर्ष उलटले तरी पाऊल नाही, अशी साखळी दिसली तर कारण शोधलेच पाहिजे.

विशेषतः जन्मतः बहिऱ्या मुलांविषयी ही दक्षता हवी. श्रवण आणि तोल या दोन इंद्रियांचे घर एकच आहे, त्यांत खेळणारे द्रवही तेच आहेत. तेव्हा एकाला पोचलेली इजा दुसऱ्यालाही पोचावी, यात नवल नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ साली ही गोष्ट मोठ्या कल्पकतेने तपासली. हार्वर्डमधील सुमारे दोनशे लोकांना गरगर फिरविले असता एकाखेरीज सर्वांना भोवळ आली. उलट ५१९ बहिऱ्या व्यक्तींपैकी १८६ जणांना मुळीच भोवळ आली नाही. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात अमेरिकेच्या आरमाराने आणि अवकाश संस्थेने गॅलॉडेट या बधिरांच्या महाविद्यालयातील अकरा जणांवर प्रयोग केले. त्यांपैकी बहुतेकांचे श्रवण बालपणीच्या मस्तिष्कावरणदाहाने गेले होते. नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात संशोधक मंडळी ओकाऱ्यांनी बेजार झाली, आणि हे लोक स्वस्थपणे पत्ते खेळत राहिले. ज्याला तोलाचे इंद्रियच नाही, त्याला बोट लागणार कशी!

परंतु या गमतीमागे एक गंभीर सत्य दडलेले आहे. तीव्र बहिरेपणा असलेल्या मुलांत, वेगवेगळ्या पाहण्यांचा मेळ घातला असता, सुमारे निम्म्या मुलांच्या तोलाच्या इंद्रियात काही ना काही उणीव आढळते. कानाचा पडदा, श्रवणयंत्र, शंखरोपण यांची चर्चा घरात सतत चालते. मूल उशिरा का चालते, अंधारात का अडखळते, हे मात्र कोणी विचारीत नाही. बहिरे आहे म्हणून मागे पडले, किंवा मुळातच मंद आहे, असे म्हणून विषय संपविला जातो. वस्तुतः केवळ बहिरेपणामुळे मूल सहसा उशिरा चालत नाही. बहिरे मूल उशिरा चालू लागले, तर ती त्याच्या तोलाविषयीची स्वतंत्र तक्रार समजली पाहिजे.

ही तक्रार ऐकण्याची दोन मोठी कारणे आहेत. पहिले कारण अशर नावाचा आनुवंशिक विकार. त्याच्या पहिल्या प्रकारात मूल जन्मतः बहिरे असते, त्याला तोल नसतो, आणि म्हणून ते पुष्कळदा दीड वर्षानंतर चालू लागते. पुढे बालपणीच त्याला रात्रीचे दिसेनासे होते आणि नजरेचा घेर हळूहळू आक्रसत जातो. उशिरा चालणे ही त्या विकाराची पहिली सूचना असू शकते. ती ओळखली गेली, तर दृष्टी कमी होण्याआधीच शंखरोपण, भाषा आणि शिक्षण यांची आखणी करता येते. जे मूल खुणांच्या भाषेवर विसंबणार आहे, त्याला अंधार पडण्याआधी दुसरा मार्ग मिळणे, याहून मोलाचे काय असेल?

दुसरे कारण पाणी. तोल गेलेले मूल उजेडात आणि सपाट जमिनीवर पुष्कळदा इतरांसारखेच वावरते, कारण मेंदू डोळ्यांची आणि तळपायांची साक्ष घेऊन काम भागवितो. पाण्याखाली मात्र शरीराचा भार पायांवर राहत नाही आणि गढूळ पाण्यात डोळ्यांना दिसत नाही. तेथे वर कोणते आणि खाली कोणते हे सांगणारे एकच इंद्रिय उरते, ते कानातले. तेच नसेल, तर पोहता येणारे मूलही पृष्ठभागाकडे येण्याऐवजी तळाकडे जाऊ शकते. बुडण्याचा हा धोका विल्यम जेम्स यांनीही ध्यानात आणून दिला होता. दोन तलावांच्या काठी वसलेल्या या शहरात बहिऱ्या मुलाच्या आईबापांना ही एक गोष्ट ठाऊक असणे, म्हणजे एखादा जीव वाचण्यासारखे आहे. अशा मुलाने पोहू नये असे नाही. त्याने एकट्याने, अंधारात किंवा गढूळ पाण्यात पोहू नये, आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्याला या उणिवेची माहिती असावी.

परीक्षा अवघड नाहीत. चार-पाच वर्षांच्या मुलाला एका पायावर काही सेकंद उभे राहता येते का, मऊ गादीवर डोळे मिटून ते उभे राहू शकते का, डोके हलत असता त्याची नजर अक्षरावर टिकते का, एवढ्यावरून पुष्कळ अंदाज येतो. पुढच्या तपासण्या मोठ्या रुग्णालयांत होतात. भोपाळमध्ये १९५५ सालचे गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे हमीदिया रुग्णालय आहे, २०१२ नंतरचे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थान आहे, तसेच दिव्यांगांसाठीचे समेकित क्षेत्रीय केंद्रही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. त्यात बालकांचा बहिरेपणा आणि हालचालींच्या वाढीतील विलंब या दोहोंची तपासणी अंतर्भूत आहे. या दोन नोंदी एकाच मुलाच्या कागदावर आल्या, तर त्यांचा परस्परसंबंध जोडणारी दृष्टी मात्र हवी.

उपायही आहेत. नष्ट झालेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत, परंतु मेंदू शिकतो. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बहिरेपण आणि तोलाची उणीव असलेल्या एकवीस मुलांपैकी काहींना बारा आठवडे नजर व तोल यांचे व्यायाम दिले. त्यांची हालचालींतील पिछेहाट थांबली. इतरांची तशी थांबली नाही.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. जीन एअर्स या अमेरिकन विदुषीने १९७२ साली इंद्रियांच्या मेळाविषयी ग्रंथ लिहिला, तेव्हापासून झोके आणि गिरक्या यांच्या योगे अभ्यासातील सर्व अडचणी दूर होतात, असा समज अनेक ठिकाणी रूढ झाला. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली अशा उपचारांचा पुरावा अपुरा असल्याचे बजावले. निरोगी मुलाला महागड्या यंत्रावर फिरवून त्याची बुद्धी वाढत नाही. त्याला अंगण, झाड आणि सवंगडी पुरेसे असतात.

आणि ते आपल्या परंपरेत भरपूर आहे. नागपंचमीचा झोका, मंगळागौरीची फुगडी आणि पिंगा, लंगडी, सूरपारंब्या, यांतील प्रत्येक खेळात डोके कधी फिरते, कधी कलते, कधी उलटे होते. मल्लखांबात तर माणूस डोके खाली करूनही दिशा विसरत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवे जीवन दिले, तो मल्लखांब २०१३ साली मध्य प्रदेशाने राज्याचा खेळ म्हणून जाहीर केला. ज्या घरात मूल दिवसभर एका जागी बसून पडद्याकडे पाहते, त्या घरात या खेळांची जागा रिकामी पडलेली असते, हे लक्षात ठेवावे.

उतारावरून धावणारे मूल पायथ्याशी पोचते आणि मागे वळून पाहते. त्याच्यामागून, हात धरून, जपून उतरणारे दुसरे मूल येत असते. पहिल्याला काहीच नको आहे, त्याला धावू द्यावे. दुसऱ्याला घाई करू नये, हसू नये, आणि त्याचा हात सोडण्याआधी एकदा त्याच्या कानांतील पाणसळ कोणाकडून तरी तपासून घ्यावी.